झाड हलवले, पुढे काय?



आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत रस्ते फार रुंद झाले. रत्नागिरी-नागपूर महामार्ग उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब करत वर्ध्याकडे निघाला आणि जुन्या रस्त्याची सावली गेली. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचे काम चालू आहेच. आता रुंदीकरण गावांच्या आत शिरले आहे. गावात शिरले की ते कुठे येऊन थांबते? मस्जिदीच्या ओट्यापाशी, ईदगाहच्या भिंतीपाशी, कब्रस्तानच्या फाटकापाशी. आणि या तिन्ही ठिकाणी एखादे जुने झाड असतेच, बहुतेक कडुनिंब, नाहीतर चिंच किंवा वड.

मग कमिटीची बैठक बसते. कोणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवतो. क्रेनने भलेमोठे झाड मुळांसकट उचलले, ट्रकवर आडवे केले, दुसऱ्या खड्ड्यात उभे केले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या मनावरचे ओझे उतरते. झाड तोडले नाही, फक्त हलवले! रस्ताही होईल आणि गुनाहही नको. आम्हाला या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न आता वारंवार येतो, म्हणून या महिन्यात सविस्तर लिहितो आहोत. कारण त्या व्हिडिओत पुढची दोन वर्षे नसतात, आणि झाड मरते ते त्या दोन वर्षांत.

आधी आकडा सांगतो. दिल्ली सरकारने २०२० मध्ये झाडे हलवण्याचे धोरणच केले. हलवलेल्यांपैकी ८० टक्के झाडे वर्षानंतर जिवंत असली पाहिजेत अशी त्यात अट आहे. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, तिथल्या उच्च न्यायालयात सरकारनेच सांगितले की आधीच्या तीन वर्षांत हलवलेल्या सोळा हजारांवर झाडांपैकी जेमतेम एक तृतीयांश जगली. मुंबईत मेट्रो-३ च्या कामात आरे वसाहतीत नेऊन लावलेली कित्येक झाडे वाळून गेली, तेही प्रकरण न्यायालयात गेले. देशातल्या सर्वांत श्रीमंत शहरांची ही गत, तर आमच्या तालुक्याच्या गावची कमिटी एका जेसीबीच्या भरवशावर काय करणार? म्हणून कोणी "हलवू या" म्हटले की आमचा पहिला उलट प्रश्न असतो, झाडाऐवजी रस्ता किंवा भिंत हलवता येते का?

येते. याच रत्नागिरी-नागपूर महामार्गावर, पण आमच्यापासून लांब, सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावात सुमारे ४०० वर्षांचा एक वड होता. महामार्गाच्या कामात तो जाणार होता. २०२० च्या जुलैत, कोरोनाच्या दिवसांत, लोकांनी आवाज उठवला, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिले, आणि आराखडा बदलून झाडाला जागा सोडण्यात आली. चार-सहा मीटरचा वळसा रस्त्याला काही जड नसतो. आराखडा कागदावर असतो तोवरच तो बदलतो, जेसीबी उभा राहिल्यावर बदलत नाही, एवढेच ध्यानात ठेवायचे. नगर परिषदेच्या हद्दीत झाड तोडायला किंवा हलवायला १९७५ च्या झाडे संरक्षण व जतन कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हणतात, आणि ते तोडले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. झाड मस्जिदीच्या वक्फ जमिनीवर असले तरी ही परवानगी टळत नाही. आपल्याच अंगणातले झाड म्हणून विनापरवाना करवत लावणारे आम्ही पाहिले आहेत. त्यात आपलेही असतात आणि इतरही.

कब्रस्तानच्या झाडाबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती बैठकीत कोणी काढत नाही. दहा इंच जाडीच्या खोडाचे झाड नीट उचलायचे तर त्याच्याभोवती आठ फूट रुंदीचा मातीचा गोळा राखून, त्याच्याही बाहेर माणसाला उभे राहून काम करता येईल असा चर खणावा लागतो. म्हणजे बारा फुटांचे वर्तुळ झाले. जुन्या कब्रस्तानात मोठ्या झाडाभोवती बारा फुटांत कब्र नाही असे कुठे असते? कब्र उकरून झाड वाचवावे की नाही, हा मसला उलमांना विचारावा, आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. पण विचारताना त्यांना बारा फूट हा आकडाही सांगावा. पुष्कळदा प्रश्न अर्धवट विचारला जातो आणि मग उत्तरही अर्धवट मिळते.

समजा सगळे करून पाहिले आणि हलवण्यावाचून इलाज नाही. तर मग हजरत सलमान फारसी (रजि.) यांचा वाकया आठवावा. त्यांच्या मालकाने त्यांच्या आझादीसाठी तीनशे खजुरीची रोपे लावून देण्याची आणि चाळीस उकिया सोन्याची अट घातली होती. रसूलुल्लाह (स.) यांनी साथीदारांना आपल्या भावाला मदत करायला सांगितले, तेव्हा कोणी तीस, कोणी वीस, कोणी पंधरा, कोणी दहा रोपे दिली. आपण हा वाकया मुलांना सांगतो तेव्हा पुढचा तपशील गाळतो. आप (स.) यांनी हजरत सलमान यांना आधी सगळे खड्डे खणायला लावले, आणि खड्डे झाल्यावर मला सांगा, रोपे मी माझ्या हाताने लावीन, असे फर्मावले. रिवायतीत येते की त्यातले एकही रोप मेले नाही. बरकतीचा भाग आपल्या हातात नाही. खड्डा आधी तयार ठेवण्याचा भाग मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. आमच्याकडे झाड उपटून ट्रकवर ठेवतात आणि मग जागा कोणती यावर वाद सुरू होतो. तोवर मुळांवर दुपारचे ऊन पडत असते.

खजुरीला नव्या मुळ्या खोडाच्या बुडातून फुटतात, त्यामुळे ती हलवणे मुळातच सोपे. वड, पिंपळ, उंबर हेही सोशीक, त्यांची जाड फांदी खोवली तरी फुटते. तेलंगणात राजन्ना सिरिसिल्ला जिल्ह्यात पावसाने कोसळलेला सुमारे सत्तर वर्षांचा वड काही महिने आडवा पडून होता, लोकांनी त्याला पाणी घालून जगवला आणि २०२२ मध्ये तो उचलून दुसरीकडे नेऊन लावला. हे वडच करू जाणे. कडुनिंब मध्यम. चिंच, आंबा, मोह, साग, बाभूळ ही झाडे एकदा मोठी झाली की हलवण्यात फार थोडी जगतात, कारण त्यांचा भर खोल गेलेल्या मुळावर असतो. शंभर वर्षांची चिंच हलवू असे कोणी ठेकेदार छातीठोकपणे सांगत असेल तर त्याने याआधी लावलेली, दोन वर्षे झालेली चिंच दाखवा म्हणावे.

झाडाच्या मुळ्या आपण समजतो तशा विहिरीसारख्या खाली जात नाहीत. पाणी-अन्न घेणाऱ्या बारीक मुळ्या बहुतेक वरच्या दोन-तीन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. म्हणून झाड उचलले की त्यातल्या ९० टक्क्यांवर मुळ्या मागेच राहतात. ट्रकवर चढते ते झाड म्हणजे पूर्ण अंगाचा माणूस आणि पोटात जवळजवळ काही नाही, असे असते. सगळी मेहनत या एका गोष्टीभोवती फिरते.

त्यावर उपाय एकच, मुळ्या आधीच जवळ फोडून घ्यायच्या. पुढच्या पावसाळ्यात झाड हलवायचे असेल तर या पावसाळ्याच्या शेवटी खोडाच्या जाडीच्या दहापट रुंदीचे वर्तुळ आखा. दहा इंची खोडाला शंभर इंच, म्हणजे आठ फुटांच्या वर. त्या वर्तुळाचा निम्मा भाग, तोही सलग नको, समोरासमोरचे तुकडे, दीड हात रुंद आणि तीन फूट खोल चर खणून मुळ्या धारदार करवतीने कापा. सब्बल-टिकासने ठेचू नका, ठेचलेले मूळ सडते. चरात माती आणि कुजलेले शेणखत भरा, पाणी द्या. दोन-तीन महिन्यांनी उरलेला निम्मा भाग तसाच करा. कापलेल्या टोकांपासून गोळ्याच्या आतल्या अंगाला नव्या बारीक मुळ्यांचा झुबका येतो, आणि तोच पुढे झाडाबरोबर जातो. हे करायला सहा-आठ महिने लागतात. रस्त्याचा ठेकेदार आठ दिवस देतो. ही तफावत कशी मिटवायची हे कमिटीने आराखडा लागताच ठरवायचे, पाऊस गेल्यावर नव्हे.

हलवण्याचा दिवस मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाल्यावरचा, ढगाळ, तोही सकाळचा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो, त्या दिवसांत जिवंत झाड उपटणे म्हणजे त्याला मारणेच. झाडावर मोहोळ आहे का ते आदल्या दिवशी पाहावे. २०२३ च्या मार्चमध्ये कराडजवळ तासवड्याला महामार्गावरची झाडे वाचवून दुसरीकडे लावताना अभिनेते सयाजी शिंदे यांच्यावर मधमाश्यांनी हल्ला केला होता. खोडावर उत्तर दिशेची खूण करून नव्या जागी ती बाजू उत्तरेलाच ठेवावी, नाहीतर सावलीत वाढलेली साल पश्चिमेच्या उन्हात तडकते. गोळा ओल्या बारदानात गुंडाळून सुतळीने आवळावा. आणि वजन? आठ फूट रुंद, तीन फूट खोल मातीचाच भार सात टनांवर जातो, झाड वेगळे. क्रेनचा पट्टा खोडाला बांधून उचलले तर साल गोल सोलून निघते आणि झाड तिथेच संपते. पट्टे गोळ्याखालून घ्यायचे, खोडाला फक्त तोल सांभाळण्यापुरता आधार.

फांद्या किती छाटाव्यात यावर गावोगाव अतिरेक चालतो. नुसता खांब उरेपर्यंत छाटतात. मुळ्या कमी म्हणून पाने कमी, हा हिशेब वरवर बरोबर दिसतो, पण नव्या मुळ्या फुटायला लागणारे अन्न पानेच करतात. वाळक्या, मोडक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, ट्रकसाठी आणि उन्हासाठी थोडे विरळ करावे, बस. वड-पिंपळ जास्त छाटणी सोसतो, कडुनिंब तेवढी नाही. मोठ्या जखमांना बोर्डो मलम लावावा.

आता काळ्या मातीचा खड्डा. खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण गोळ्याइतकाच खोल. जास्त खोल खणून तळाला भुसभुशीत माती टाकली तर सात-आठ टनांचा भार हळूहळू खाली बसतो, खोडाचा बुंधा मातीत गाडला जातो आणि कुजतो. खोड जिथे पसरून मुळांना सुरुवात होते तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे, चार बोटे उंच राहिला तरी चालेल. पोकलेनच्या दाताने काळ्या मातीच्या भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात. त्या तशाच ठेवल्या तर खड्डा म्हणजे माठ होतो, पाणीही बाहेर जात नाही आणि मुळ्याही. भिंती टिकासने खरवडून घ्याव्यात. भरायला निघालेलीच माती वापरावी, ढेकळे फोडून, थरावर थर, पाणी देत देत. नाहीतर उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल अशा भेगा पडतात आणि नव्या मुळ्या त्या भेगांत तुटतात.

भेगांवर आमच्याकडे फुकटचे औषध आहे. सोयाबीनचे कुटार, पऱ्हाटीचा बारीक केलेला भुसा, पालापाचोळा, जे मिळेल त्याचा चार इंच थर बुंध्यापासून वीतभर सोडून पसरावा. वाळवी येते, म्हणून बुंध्याला टेकू द्यायचा नाही आणि दर पंधरवड्याला उचकून पाहायचे.

पाण्याचा अंदाज असा की खोडाच्या जाडीच्या दर इंचाला एका वेळी आठ ते दहा लिटर. दहा इंची झाडाला ८० ते १०० लिटर, सुरुवातीचे काही आठवडे पाऊस नसेल तेव्हा रोज, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. ते गोळ्यावरच पडले पाहिजे, कारण मुळ्या अजून तिथेच आहेत. लोक हौसेने चार हात लांब आळे करतात आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत राहतो. मस्जिदीजवळच्या झाडाला तर घरचीच सोय आहे. नळ अर्धाच सोडला तरी एका वुजूला दोन-तीन लिटर पाणी जाते. पन्नास नमाजी म्हटले तर एका वक्तालाच झाडाची गरज भागते. वुजूखान्याची मोरी गटाराला जोडण्याऐवजी एक नळी झाडाकडे वळवली की झाले. रसूलुल्लाह (स.) एका मुद्द, म्हणजे लिटरपेक्षाही कमी, पाण्यात वुजू करत. सर्वांनी ती सुन्नत पाळली तर झाड उपाशी राहील अशी काळजी कोणी करू नये, आपले नळ पाहता ती वेळ लवकर येणार नाही. घरातल्या बायकांनी डाळ-तांदूळ धुतलेले पाणी घातले तरी चालते, कपड्याच्या साबणाचे नको. मात्र श्रावणात झड लागली की पाणी बंद, उलट साचलेले काढून द्यायला चर हवा. काळ्या मातीत बुडालेली मुळी गुदमरते आणि पाने तहानलेल्या झाडासारखीच मलूल होतात, मग लोक आणखी पाणी ओततात. म्हणून आधी हातभर खोल उकरून मातीचा मुटका वळून पाहावा. वळला तर थांबा, फुटला तर पाणी द्या.

राहिला आधार. याबद्दल बोलणारे आम्हाला फार कमी भेटले, आणि वादळात माणसाच्या जिवावर बेतते ते इथेच. नव्याने लावलेले मोठे झाड जमिनीला धरून नसते, ते फक्त वजनावर उभे असते. मे अखेरचे आणि जूनचे वादळी वारे आमच्याकडे पत्रे उडवतात, ते झाडाला वरून ढकलतात आणि गोळा खड्ड्यात भोवऱ्यासारखा हलतो. दिवसा दिसत नाही, पण प्रत्येक हेलकाव्याला नव्या, सुतासारख्या मुळ्या तुटतात. झाड पडत नाही तरी लागतही नाही. ईदगाहात लावले असेल तर त्याच्याखाली ईदला शेकडो माणसे आणि लेकरे बसणार, हेही लक्षात घ्यावे.

तीन ताण द्यायचे, तीन दिशांना सारख्या अंतरावर, खोडाच्या निम्म्या उंचीवरून किंवा थोडे वरून, जमिनीशी साधारण ४५ अंशांत. झाडाभोवती रुंद कापडी पट्टा, ट्रकवाले माल बांधायला वापरतात तसा. उघडी तार कधीच नाही, आणि तारेवर पाइपचा तुकडा चढवून समाधान मानायचे नाही, साल त्यानेही दबून कापते. खुंट्यांचे आमच्या मातीत वेगळे दुखणे आहे. उन्हाळ्यात घट्ट ठोकलेली लोखंडी खुंटी पावसात काळी माती फुगली की सैल होते. म्हणून न खणलेल्या पक्क्या जमिनीत तीन-चार फूट खोल आडवा ओंडका किंवा दगडी खांब गाडून ताण त्याला बांधावा, वर माती ठोकून बसवावी. मुरमाड जागेत साधी लांब खुंटीही पुरते. ताण इतकाही आवळू नये की झाड पुतळा होईल. शेंडा हलला पाहिजे, बुंधा नाही. शेंड्याच्या हलण्यानेच खोड जाड होते आणि मुळ्या पकड घेतात. ताणांना रंगीत चिंध्या बांधाव्यात, नाहीतर रात्री इशाच्या नमाजहून निघालेला मोटारसायकलवाला गळ्याने अडकेल. प्रत्येक वादळानंतर आणि एरवी महिन्यातून एकदा पट्टे पाहून सैल-घट्ट करावेत. हे काम आम्ही आठवी-नववीच्या मुलांना सांगतो. बुंध्याजवळ मातीत फट पडली का ते त्यांना मोठ्यांच्या आधी दिसते.

आता ज्याने सगळे फसतात ते. लावल्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी झाडाला पालवी फुटते. लोक पेढे वाटतात, वर्तमानपत्रात फोटो येतो, टँकरवाला येईनासा होतो. ती पालवी खोडात आधीच साठलेल्या अन्नावर आलेली असते, नव्या मुळांवर नाही. ते साठलेले संपले आणि पुढचा मे आला की एका आठवड्यात सगळी पाने करपतात. उष्ण मुलखात झाड जरा लवकर सावरते, थंड मुलखात खोडाच्या दर इंचाला जवळजवळ एक वर्ष धरतात. तरी आमच्याकडेही दहा इंची झाडाला दोन उन्हाळे पाणी हवेच. क्रेनचा खर्च सगळे मिळून उचलतात, पण दुसऱ्या उन्हाळ्याच्या पाण्याचे नाव बैठकीच्या वहीत नसते. झाडाची परवानगी मागायच्या आधी कमिटीने त्या वहीत दोन उन्हाळ्यांच्या मार्च ते जून महिन्यांसमोर आठ माणसांची नावे लिहावीत. आठ नावे भरत नसतील तर क्रेन बोलावू नये, त्या पैशात दहा फुटी कडुनिंबाची रोपे लावावीत. ती पहिल्या वर्षीच जमीन धरतात आणि पाच-सात वर्षांत सावली देतात. माणूस, पाखरू किंवा जनावर ज्याचे काही खाईल असे झाड लावणे सदका आहे, हे आप (स.) यांनी सांगितले आहे. त्यात झाड जुनेच हवे अशी अट आम्हाला कुठे दिसली नाही.

ताण काढायची वेळ एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा गेल्यावर. वाऱ्याच्या दिवशी एकेक ताण सैल करून बुंध्याशी हात ठेवून पाहावे. माती हलत नसेल तर काढावा, हलत असेल तर आणखी सहा महिने राहू द्यावा. पट्टा विसरून राहिला तर वाढणारे खोड त्याला गिळते आणि वरचा भाग वाळतो, म्हणून काढायची तारीखही त्याच वहीत, नावांच्या खाली लिहून ठेवावी.